शॉकअप बदलले की व्हील अलाइनमेंट करावंच लागतं का?

निळीहॅचबॅक
नमस्कार मंडळी. गाडी नऊ वर्षांची आहे, ९२,००० किमी झालेत. गेले काही महिने खड्ड्यातून गेलं की पुढून धप्प असा आवाज यायचा आणि गतिरोधक ओलांडल्यावर बोनेट दोन-तीनदा खालीवर व्हायचं. तपासायला दिली तर पुढच्या दोन्ही शॉकअपमधून तेल ओघळलेलं निघालं. मागचेही थकलेत म्हणाले, म्हणून चारही बदलून घेतले. स्प्रिंगा जुन्याच ठेवल्या, पुढची वरची माउंट नवीन घातली.

आता अलाइनमेंटवरून (म्हणजे चाकांचे कोन मापात लावण्यावरून) गोंधळ असा झालाय. ज्यांनी काम केलं ते म्हणाले, "टाय रॉडला (स्टिअरिंगकडून चाकाला वळवणारा दांडा) हातच लावला नाही, अलाइनमेंट कशाला बिघडेल?" नंतर हवा भरायला गेले तर तिथले म्हणाले, "शॉकअप काढले ना, मग अलाइनमेंट करायलाच पाहिजे." दोघंही रोज हेच काम करणारे. कुणीच उगाच बोलतंय असं वाटलं नाही.

एक जाणवलं ते सांगून ठेवते. सरळ रस्त्यावर स्टिअरिंग किंचित डावीकडे झुकलेलं असतं, आणि पकड सैल केली की गाडी हळूच उजवीकडे सरकते. आधीपासून असं होतं की आता झालं, ते छातीठोकपणे सांगता येत नाही, कारण आधी कधी एवढं लक्षच दिलं नव्हतं. काय करू?

पाना_बारा
ताई, दोघंही खरंच बोलताहेत, फक्त दोघांच्या डोळ्यांसमोर वेगवेगळी गाडी आहे. आधी तुमच्या गाडीची रचना कळू दे. स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवा, हँडब्रेक लावा, आणि बॅटरीच्या उजेडात चाकामागे डोकावा. गाडीखाली शिरायची गरज नाही. स्प्रिंग शॉकअपच्या अंगावरच बसलेली आहे का? शॉकअपचं खालचं टोक ज्या जाड लोखंडी तुकड्याला धरलंय (त्याला नकल म्हणतात, चाकाचा हब त्यातच असतो) तिथे एकावर एक दोन मोठे बोल्ट दिसतात का? मागेही असंच बघून सांगा. मग नेमकं बोलता येईल.

टायरघासू
बघायचं काय त्यात? करून टाका अलाइनमेंट. आमच्याकडे येणाऱ्या गाड्यांत शॉकअप बदलल्यानंतर माप जागेवर असलेली गाडी क्वचितच दिसते.

जुनीजीप
मी असहमत. माझ्या गाडीला पुढे-मागे पाटे (लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा) आहेत. एवढ्या वर्षांत पाच वेळा शॉकअप बदलले, तेही घरीच, दोन पाने आणि एक जॅक घेऊन. एकदाही अलाइनमेंट केलं नाही. चारही टायर सारखे झिजतात. शॉकअपचं काम एवढंच, स्प्रिंगची उसळी आवरायची. चाक कुठल्या कोनात उभं राहायचं ते ॲक्सल आणि पाटे ठरवतात. दोन बोल्ट काढले, जुना खाली आला, नवा चढवला. कोनाचा संबंध येतोच कुठे? उगाच लोकांना खर्चात पाडू नये असं मला मनापासून वाटतं.

पाना_बारा
जुनीजीप, तुमच्या गाडीपुरतं तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर. शॉकअप नुसता दोन टोकांना अडकवलेला असेल तर तो काढून बाजूला ठेवला तरी उभ्या गाडीचे कोन तसेच राहतात. पाट्यांच्या गाडीत असंच असतं, मागे अख्खा आडवा ॲक्सल असलेल्या गाड्यांत असंच असतं. डबल विशबोन रचनेतही चाक वरच्या आणि खालच्या आर्मने (चाक गाडीशी जोडणाऱ्या दांड्याने) धरलेलं असतं, शॉकअप फक्त मध्ये असतो.

पण आजच्या बहुतेक छोट्या गाड्यांत पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो. फोर्डचे अभियंते अर्ल मॅकफर्सन यांच्या नावाने ही रचना ओळखली जाते. १९५० च्या सुमारास फोर्डच्या कॉन्सल आणि झेफिर या गाड्यांमधून ती लोकांसमोर आली आणि पुढे जगभर पसरली, कारण जागा कमी लागते आणि सुटे भाग कमी. यात वरचा आर्मच नाही. त्याचं काम शॉकअपच करतो. चाकाला खालून लोअर आर्म धरतो आणि वरून हा स्ट्रट, म्हणजे स्प्रिंगसकट शॉकअप. म्हणजे तो काढला की चाकाचा वरचा आधारच काढला. नवा बसवताना चाक आधीच्याच कोनात उभं राहील याची हमी कोण देणार?

निळीहॅचबॅक
पाहिलं. पुढे स्प्रिंग शॉकअपच्या अंगावर आहे, आणि खाली एकावर एक दोन जाड बोल्ट आहेत. मागे मात्र स्प्रिंग वेगळी आणि शॉकअप वेगळा, दोन्ही एका आडव्या जाड तुळईसारख्या भागावर बसलेत.

पाना_बारा
म्हणजे पुढे मॅकफर्सन आणि मागे ट्विस्ट बीम (तीच ती तुळई). मागचं सोडून द्या, तिथे शॉकअप बदलून कोन हलत नाहीत. बहुतेक अशा गाड्यांत मागचा कोन फिरवायची सोयही नसते. पुढचं मात्र मोजायलाच हवं.

गणितातून
"टाय रॉडला हात लावला नाही" हे वाक्य इतक्या वेळा ऐकलंय की त्यावर सविस्तर लिहितो.

अलाइनमेंटमध्ये तीन कोन मुख्य. समोरून पाहताना चाकाचा माथा आत किंवा बाहेर कललेला असतो, तो कॅम्बर. वरून पाहताना दोन्ही चाकांची नाकं एकमेकांकडे किंवा एकमेकांपासून दूर असतात, तो टो. आणि चाक ज्या अक्षाभोवती वळतं तो अक्ष बाजूने पाहताना मागे झुकलेला असतो, तो कॅस्टर. टाय रॉडने फक्त टो फिरवता येतो, हे खरं. पण टो बिघडायला टाय रॉडच फिरावा लागतो असं नाही.

त्या दोन बोल्टांकडे बघा. दोघांच्या मधलं अंतर साधारण ५५ ते ६० मिमी. बोल्ट भोकात आरामात जावा म्हणून भोक त्याच्यापेक्षा किंचित मोठं असतं, काही गाड्यांत मुद्दाम लांबट ठेवतात. समजा वरचा बोल्ट त्या सैलपणात खालच्याच्या तुलनेत फक्त ०.५ मिमी सरकला. ५७ मिमीत ०.५ मिमी म्हणजे जवळपास अर्धा अंश. कागदाच्या पाच-सहा पानांइतकी ती जाडी, आणि चाकाचा कोन अर्ध्या अंशाने बदलला! डाव्या-उजव्या चाकांच्या कॅम्बरमध्ये अर्ध्या अंशाहून जास्त फरक नको, असं अनेक गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये असतं. तेवढी सगळी सूट या एका फटीतच संपली.

आता टो. स्ट्रटचे बोल्ट सरकले की नकल खालच्या बॉल जॉइंटभोवती (लोअर आर्म आणि नकल यांचा फिरता सांधा) कलतो. टाय रॉडचं टोक नकलवर बॉल जॉइंटपेक्षा थोडं वर असतं. नकलचा माथा बाहेर गेला की ते टोकही बाहेर जाऊ पाहतं, पण टाय रॉडची लांबी तीच, तो जाऊ देत नाही. त्यामुळे चाकच उभ्या अक्षाभोवती थोडं फिरतं. टाय रॉड चाकाच्या मागच्या अंगाला असेल, जसा पुढच्या चाकांवर चालणाऱ्या बहुतेक गाड्यांत असतो, तर चाकाचं मागचं अंग आत ओढलं जातं आणि नाक बाहेर जातं. टाय रॉडला कुणी बोटही लावलं नाही, तरी टो बिघडला.

बिघडला तर काय होतं? एका चाकाचा टो अर्ध्या अंशाने चुकलेला असेल तर अर्ध्या अंशाचा साइन म्हणजे ०.००८७. गाडी १ किमी पुढे जाते तेवढ्यात त्या चाकाला हिशोबाने ८.७ मीटर आडवं सरकावं लागतं. रबर काही प्रमाणात वाकून ते सहन करतं, उरलेलं घासून निघतं. १०,००० किमीत हे ८७ किमी झालं. अशा वेळी टायर काही महिन्यांत खाल्ला गेला तर नवल नाही.

वळणवाट
ते ८७ किमी मी स्वतः भोगलेत. दोन वर्षांपूर्वी पुढचे स्ट्रट बदलले, अलाइनमेंट "नंतर करू" म्हणून राहून गेलं. गाडी ओढत नव्हती, स्टिअरिंग सरळ होतं, म्हणून सगळं ठीक असणार असं धरून चालले. साधारण ४,००० किमीनंतर पंक्चर काढायला चाक उतरवलं तेव्हा आतली कड पाहून पोटात गोळा आला. बाहेरून टायर नवा कोरा, आतून तार दिसायला आलेली. त्याच टायरवर आठवडाभर आधी मुलांना घेऊन लांबचा प्रवास केला होता.

काम करणाऱ्यांना विचारलं तर म्हणाले, आमच्याकडून काही चुकलं नाही. खरंही असेल. पण मोजायला हवं एवढं कुणीतरी त्या दिवशी सांगायला हवं होतं. म्हणून ताई, हात जोडून सांगते, चालढकल करू नका.

स्टिअरिंग सरळ आहे यावर विसंबू नका, हेही सांगते. दोन्ही चाकं सारखीच बाहेर फाकली असतील तर स्टिअरिंग अगदी सरळ राहतं, गाडी नाकासमोर चालते, आणि दोन्ही टायर आतून खाल्ले जातात.

कच्चारस्ता
वळणवाट, आतली कड घरी कशी तपासायची? चाक न काढता?

वळणवाट
गाडी सपाट जागी उभी करून स्टिअरिंग पूर्ण वळवायचं, म्हणजे आतली कड बाहेर येते. मग तळहात टायरवर आडवा फिरवायचा, आधी बाहेरून आत, मग आतून बाहेर. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखं टोचत असेल तर टो बिघडलाय. फक्त एकच कड झिजलेली, पण हाताला धार लागत नसेल तर बहुधा कॅम्बर. टायरभर थोड्या थोड्या अंतरावर खळगे पडले असतील तर शॉकअप किंवा बॅलन्सिंगकडे बघायचं. तार उघडी पडलेली असू शकते, म्हणून हात हळू फिरवा. मी तर जाड कापड गुंडाळूनच फिरवते.

टायरघासू
खळग्यांवरून एक सांगतो. शॉकअप मेला की चाक रस्त्यावर टपटप उड्या मारतं, त्याने ते खळगे पडतात. लोक घूं घूं आवाज येतो म्हणून अलाइनमेंट करून घेतात, फरक पडत नाही, मग पुन्हा करून घेतात. थकलेला शॉकअप तसाच ठेवून केलेलं अलाइनमेंट वाया जातं. तुम्ही क्रम बरोबर ठेवलात, आधी शॉकअप, मग माप. पण जुन्या टायरला खळगे पडलेच असतील तर आवाज लगेच जाणार नाही, तो टायर बदलल्यावरच जाईल.

जुनीजीप
मॅकफर्सनबद्दल पटलं. पण एक सोपा उपाय का सुचवत नाही कुणी? काढण्याआधी नकल आणि स्ट्रट यांच्या जोडावर खिळ्याने रेघ ओढायची, बसवताना रेघेला रेघ मिळवायची. माप जिथल्या तिथे.

पाना_बारा
ही युक्ती मीही वापरतो, पण ती कधी चालते ते महत्त्वाचं. तोच स्ट्रट परत बसवायचा असेल, म्हणजे ड्राइव्ह शाफ्ट किंवा बेअरिंगच्या कामासाठी नुसता सोडवला असेल, तर रेघेचा चांगला उपयोग होतो. नवा स्ट्रट बसवताना मात्र अर्धी रेघ जुन्या स्ट्रटबरोबर भंगारात जाते! नव्याच्या अंगावर रेघ नाही. शिवाय त्याची भोकं, त्याचा कान (नकलला धरणारा भाग), वरच्या माउंटचं केंद्र, सगळं त्याच्या कारखान्याच्या मापात. दोन वेगळ्या कंपन्यांच्या स्ट्रटमध्ये अर्ध्या मिमीचा फरक निघाला तर त्याला दोष म्हणता येणार नाही, पण गणितातून यांनी सांगितलंय तो अर्धा मिमी काय करतो ते.

बसवतानाची एक सवय इथे सांगून ठेवतो. चाक लोंबकळत असताना हब, डिस्क, कॅलिपर यांच्या वजनाने नकलचा माथा बाहेर झुकलेला असतो. तसेच बोल्ट आवळले की सगळी फट एका बाजूला जाते आणि कॅम्बर बाहेरच्या बाजूला, म्हणजे धन बाजूला सरकतो. एका बाजूला नकल आत ढकलून आवळला आणि दुसऱ्या बाजूला तसाच आवळला, तर डावं-उजवं वेगळं झालंच समजा. ताई, तुमची गाडी उजवीकडे सरकते हे वाचून मला आधी हाच संशय आला. ज्या बाजूचं चाक जास्त बाहेर कललेलं, त्या बाजूला गाडी ओढते.

मऊगादी
माझा प्रश्न थोडा वेगळा. शॉकअप बदलल्यावर माझी गाडी पुढून किंचित उंच दिसते. स्प्रिंगा जुन्याच. भास आहे का?

गणितातून
भास नसावा. आजकालच्या बहुतेक शॉकअपमध्ये तेलाबरोबर दाबाखालचा नायट्रोजन असतो, आणि तो दाब दांड्याला सतत बाहेर ढकलत राहतो. दांडा २२ मिमी जाडीचा असेल तर त्याचं क्षेत्रफळ ३८० चौरस मिमी. आत ५ बार दाब धरला तर सुमारे १९ किलोचा रेटा झाला. तुमची स्प्रिंग १ मिमी दाबायला अडीच किलो लागत असतील तर गाडी त्या बाजूला ७-८ मिमी वर उचलली जाईल. जुन्यातला वायू निघून गेला होता, तो रेटाच नव्हता. आता परत आला.

गाडी वर गेली की लोअर आर्मचा आणि टाय रॉडचा उतार बदलतो. दोघांची टोकं सारख्याच वाटेने फिरत नाहीत, म्हणून टो थोडा हलतो. ७-८ मिमीला तो फरक बारीक असतो. स्प्रिंगाही नव्या घातल्या आणि गाडी दोन-तीन सेंमी उचलली गेली, तर मात्र तो मोठा होतो. त्यामुळे बोल्टांची फट राहू दे बाजूला, नुसत्या स्प्रिंगा बदलल्या तरी माप घ्यायला हवं.

पाना_बारा
उंचीवरून आठवलं. लोअर आर्मचे किंवा मागच्या बीमचे रबरी बुशवाले (सांध्यात रबर बसवलेले) बोल्ट सैल केले असतील तर ते गाडी चाकांवर उभी असताना शेवटचे आवळायचे. हवेत लटकत असताना आवळले की रबर त्या स्थितीत घट्ट धरलं जातं, आणि गाडी खाली उतरवल्यावर कायम पिळलेलं राहतं. लवकर फाटतं, आणि गाडीची उंचीही थोडी खोटी दिसते. शॉकअपच्या खालच्या डोळ्यात रबरी बुश असेल, जसा तुमच्या मागच्या शॉकअपला असणार, तर त्यालाही हेच लागू. मागे कोन बिघडणार नाही, पण बुश जाईल. ज्यांनी काम केलं त्यांना फोन करून एवढं विचाराच.

दूरचापल्ला
माझ्या गाडीला मागे मल्टिलिंक (प्रत्येक चाकाला अनेक आर्म) आहे. मागचे शॉकअप बदलायचेत. वरचं वाचून वाटलं की मागे अलाइनमेंट लागत नाही?

पाना_बारा
शॉकअप नुसता सुटत असेल तर लागत नाही. पण मल्टिलिंकमध्ये बऱ्याचदा स्प्रिंग काढायला किंवा हात घालायला जागा करायला एखादा आर्म सोडवावा लागतो. त्या आर्मच्या बोल्टाला वॉशरसारखी खुणा असलेली चकती दिसली तर सावध व्हा. तो विकेंद्री बोल्ट (फिरवला की आर्म सरकतो), मागचा टो किंवा कॅम्बर त्यावरच लावलेला असतो. तो सैल झाला की चारही चाकांचं माप घ्यायला हवं.

मागचा टो डावी-उजवीकडे सारखा नसेल तर मागचा ॲक्सल गाडीला तिरकं ढकलतो. गाडी खेकड्यासारखी चालते, आणि चालवणारा नकळत स्टिअरिंग वाकडं धरून ती सरळ ठेवतो. अशा वेळी पुढचं कितीही लावलं तरी स्टिअरिंग सरळ होत नाही. म्हणून चार चाकांच्या मापात आधी मागचं आणि मग पुढचं लावतात.

निळीहॅचबॅक
सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं कुणी समजावून सांगितलं नव्हतं. उद्या जातेय. दोन प्रश्न: लगेच जावं की गाडी थोडी चालवून मग? आणि तिथे काय सांगू, काय बघू?

टायरघासू
नवीन स्प्रिंगा असत्या तर काही दिवस थांबा म्हटलं असतं, त्या थोड्या बसतात. तुमच्या जुन्याच आहेत. गाडी उतरवल्यापासून तुम्ही काही किलोमीटर चालवलीत, दोन-चार गतिरोधक झाले, म्हणजे रबरं बसली. उद्याच जा.

जाण्याआधी चारही टायरांत बरोबर हवा, डिकीतलं जड सामान बाहेर. तिथे गेल्यावर आधी लोअर आर्मचे बुश, बॉल जॉइंट आणि टाय रॉडची टोकं हलवून बघायला सांगा. त्यात ढिलाई असेल तर लावलेलं माप रस्त्यावर टिकत नाही. मग काहीही फिरवण्याआधीचं माप छापून मागा, आणि शेवटी नंतरचं. आधीचं माप नसेल तर काय बिघडलं होतं ते कधीच कळणार नाही. आणि "टो लावला, झालं" म्हणाले तर कॅम्बरचा आकडा दाखवायला सांगा. कॅम्बर आधी, टो शेवटी. उलट केलं तर कॅम्बर हलवताना लावलेला टो पुन्हा बिघडतो.

कच्चारस्ता
बऱ्याच ठिकाणी "या गाडीत कॅम्बर ॲडजस्ट होत नाही" असं सांगतात, तयारी ठेवा.

पाना_बारा
काही गाड्यांत ते खरं असतं. काहींत स्ट्रटची नळी नकलमध्ये वरून शिरते आणि एकच बोल्ट ती आवळून धरतो. तिथे कलायला फटच नाही, त्यामुळे स्ट्रट बदलूनही कॅम्बर फारसा हलत नाही. फक्त नळी तळापर्यंत बसली का ते बघायचं. पण दोन बोल्टवाल्या स्ट्रटमध्ये, स्वतंत्र सोय नसली तरी, दोन्ही बोल्ट सैल करून नकल आत-बाहेर ढकलला की भोकांतल्या फटीएवढी दुरुस्ती मिळते. तुमची गाडी त्यातली आहे. तेवढ्यावर भागलं नाही तर कमरेत बारीक असलेला कॅम्बर बोल्ट मिळतो. नव्या कामात बिघडलेलं मात्र बहुतेक वेळा त्या फटीतच सापडतं.

मऊगादी
मध्येच विचारतो. स्ट्रट बदलल्यापासून माझं स्टिअरिंग वळणानंतर आपोआप मध्यावर येत नाही, आणि जागेवर वळवलं की स्प्रिंगमधून टणकन आवाज येतो. हेही अलाइनमेंट?

पाना_बारा
आधी वरच्या माउंटचं बेअरिंग बघा. स्ट्रट त्यावरच फिरतो. ते अडकलं, किंवा बसवताना उलटं-तिरकं बसलं, तर स्प्रिंग पिळली जाते आणि एकदम सुटते, तोच तुमचा टण आवाज. चाकाच्या वरच्या मोकळ्या जागेतून स्प्रिंगवर अलगद बोट टेकवा आणि कुणाला तरी स्टिअरिंग वळवायला सांगा. धक्का बोटाला जाणवतो. बोट स्प्रिंगच्या दोन वेढ्यांच्या मध्ये मात्र घालू नका. आणि ते उघडायची वेळ आली तर घरी करू नका. दाबलेली स्प्रिंग सुटली तर जिवावर बेतते. हे काम योग्य स्प्रिंग कॉम्प्रेसर (स्प्रिंग दाबून धरणारं साधन) असलेल्या माणसाचंच.

निळीहॅचबॅक
जाऊन आले! टायरघासू यांनी सांगितलेलं सगळं कागदावर लिहून नेलं होतं. तिथल्या दादांनी कुरकुर न करता सगळं दाखवलं.

आधीचं माप: डावा कॅम्बर उणे ०°२०′, उजवा अधिक ०°३५′. म्हणजे दोघांत ५५ मिनिटांचा फरक (६० मिनिटं म्हणजे एक अंश). दोन्ही चाकांचा मिळून टो २४ मिनिटं बाहेर, जवळजवळ सगळा उजव्या चाकाचा. कॅस्टर दोन्हीकडे हिरव्यात, म्हणजे ठरलेल्या मापात. मागचं सगळं हिरव्यात, जसं तुम्ही म्हणालात.

उजव्या स्ट्रटचे दोन्ही बोल्ट सैल करून त्यांनी नकल आत ढकलला आणि तसाच धरून आवळला. नंतरचं माप: डावा उणे ०°२०′, उजवा उणे ०°१५′. गंमत म्हणजे एवढ्यानेच टो बराचसा परत आला, टाय रॉड थोडेच फिरवावे लागले. आता एकूण टो ४ मिनिटं आत. स्टिअरिंग सरळ, गाडी नाकासमोर जाते. मागच्या शॉकअपच्या बोल्टांचंही विचारलं. ते लटकत्या स्थितीत आवळले होते असं कळलं, म्हणून गाडी चाकांवर ठेवून सैल करून पुन्हा आवळून घेतले.

गणितातून
आकड्यांबद्दल खूप आभार, असं कुणी परत येऊन सांगत नाही. तुमच्या मापावरून पुढचं जुळतं. उजवं चाक एकटं बाहेर बघत होतं. सरळ जाताना दोन्ही चाकं तो फरक वाटून घेतात, त्यासाठी दोघांनाही १२ मिनिटं डावीकडे वळावं लागतं, म्हणून स्टिअरिंग डावीकडे झुकलेलं. आणि १२ मिनिटं म्हणजे ०.२ अंश, म्हणजे दर किलोमीटरला प्रत्येक पुढचा टायर हिशोबाने साडेतीन मीटर आडवा जात होता.

जुनीजीप
ताई, छान केलंत. घरात मुलीची छोटी गाडी आहे, गेल्या वर्षी तिचे पुढचे शॉकअप बदलले होते आणि मीच तिला सांगितलं होतं, अलाइनमेंटची काही गरज नाही. आत्ता बॅटरी घेऊन बघून आलो. एकावर एक दोन बोल्ट आहेत. तळहातही फिरवला, डाव्या टायरची आतली कड उलट दिशेने टोचते. उद्या सकाळी तिला घेऊन जातोय.

वळणवाट
काका, तार दिसत नाही ना? दिसत असेल तर तिथवरही चालवत नेऊ नका, स्टेपनी लावा.

जुनीजीप
तार नाही. खाचा साधारण ३ मिमी शिल्लक आहेत, आतल्या बाजूला थोड्या कमी. तरी हळूच नेतो. आधीचं माप इथे टाकतो.